स्लेजिंग, ट्रॅश टॉक, शिवीगाळ : मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

नमस्कार. खेळांवरच्या एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करते आहे. त्यात निवेदक मिनिटभरात तीन शब्द वापरतो : 'स्लेजिंग' (मैदानावर बोलून प्रतिस्पर्ध्याचं लक्ष उडवणं), 'ट्रॅश टॉक' (लढतीआधीची बढाई आणि टोमणे) आणि 'व्हर्बल अब्यूज'. तिन्हींचा अर्थ त्याच्या मनात वेगवेगळा आहे, हे ऐकताना स्पष्ट कळतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात मात्र तिन्ही ठिकाणी 'शाब्दिक चकमक' आलंय. बातम्यांत वर्षानुवर्षं तेच वाचलेलं, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळला. परत वाचलं तर निवेदकाचा मुद्दाच गायब. नेमके शब्द सुचवाल का? ओळीत जागा चाळीसेक अक्षरांची.

एक उत्तर

स्लेजिंगला 'शेरेबाजी'. क्रीडापानावर पूर्ण रुळलेला शब्द आहे, वाचक अडखळणार नाही. ट्रॅश टॉकला 'वाग्बाण' आणि तिसऱ्याला 'शिवीगाळ'. यापेक्षा जास्त खोलात जाण्याची गरज वाटत नाही.

दुसरं उत्तर

मला गरज वाटते, कारण या शब्दांच्या निवडीवर 'कोणी कोणाला काय केलं' हे ठरतं. मी बरीच वर्षं क्रीडापानाचं काम केलंय आणि 'शाब्दिक चकमक' मीही शेकडो वेळा लिहिलंय. आता लिहीत नाही. त्याचं कारण व्याकरणात आहे.

मराठीत भांडणाच्या शब्दांचे दोन गट पडतात. पहिला गट दोघांचा : बाचाबाची, बोलाचाली, हमरीतुमरी, खडाजंगी, चकमक. यांच्यामागे क्रियापद येतं ते 'झाली' किंवा 'उडाली'. कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं काहीतरी घडलं. बाचाबाची एकट्याला करताच येत नाही, शब्दाच्या घडणीतच दोन माणसं आहेत. दुसरा गट एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा : डिवचणं, खिजवणं, उचकवणं, हिणवणं, शिवी देणं. इथे मराठी तुम्हाला सुटू देत नाही. 'डिवचलं' म्हटलं की कोणी आणि कोणाला, दोन्ही सांगावं लागतं.

मार्च 2018 मध्ये डर्बनच्या कसोटीत चहापानाला जाताना जिन्यात ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड वॉर्नर आणि दक्षिण आफ्रिकेचा क्विंटन डी कॉक यांचं जुंपलं. आयसीसीने (क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) दोघांनाही दोषी धरलं : वॉर्नरला सामन्याच्या मानधनाच्या 75 टक्के दंड, डी कॉकला 25 टक्के. इथे 'बाचाबाची' चपखल बसतो. दोघेही बोलले, दोघांनाही भोवलं.

आता त्याच शहरातला पुढच्या वर्षीचा प्रसंग घ्या. जानेवारी 2019, एकदिवसीय सामना. पाकिस्तानचा कर्णधार आणि यष्टिरक्षक सर्फराज अहमद यष्टींमागून दक्षिण आफ्रिकेच्या अँडिले फेहलुक्वायोबद्दल उर्दूत बोलला. त्यात त्याच्या रंगाचा उल्लेख होता आणि त्याच्या आईचाही. फेहलुक्वायो एक अक्षर उलटून बोलला नाही. आपले शब्द कोणाला कळावेत असा हेतूच नव्हता, असं सर्फराजने माफी मागताना म्हटलं. पण स्टंपमधल्या माइकने ते टिपले आणि उर्दू-हिंदी समजणाऱ्या प्रत्येक घरात ते तिथल्या तिथे कळले. आयसीसीच्या वर्णद्वेषविरोधी संहितेखाली त्याला चार सामन्यांची बंदी झाली. या प्रसंगाला 'शाब्दिक चकमक' म्हणणं सरळसरळ खोटं आहे, कारण चकमकीला लागणारा दुसरा माणूस तिथे नव्हताच. जो गप्प उभा होता त्याला आपण एका शब्दाने भांडखोर ठरवतो.

'शेरेबाजी'बद्दलही थोडं. 'शेरा' हा कागदावरचा शब्द. साहेब फाइलीच्या कडेला शेरा मारतो, गुरुजी प्रगतिपुस्तकात मारतात. म्हणजे शेरा हा कामाबद्दल असतो. फलंदाजाच्या खेळाबद्दल मागून कोणी बोललं, 'ऑफ स्टंपबाहेरचा दिसतच नाही याला', तर ती खरी शेरेबाजी. '-बाजी'मुळे त्यात सतत, अति करण्याचा अर्थ येतो, गटबाजी आणि पोस्टरबाजीसारखा. (फलंदाजी आणि गोलंदाजी या कुळातल्या नाहीत हं. तिथे '-अंदाज' आहे, फेकणारा या अर्थाचा. गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचा गोळा डागणारा. त्याच्यावरून फलंदाज घडला.) यष्टींमागून होणाऱ्या अखंड बडबडीला हा शब्द छान आहे. पण 'वर्णद्वेषी शेरेबाजी' असं वाचलं की मला त्रास होतो. कोणाच्या कातडीच्या रंगावरून त्याला घाण बोलणं हा शेरा नाही, ती शिवी आहे. तिथे 'वर्णद्वेषी शिवीगाळ' असंच लिहायला हवं.

मूळ प्रश्नकर्ती

हे 'झाली' आणि 'केलं' डोक्यात आलंच नव्हतं. मग स्लेजिंगला 'डिवचणं' चालेल? आणि 'स्लेज' म्हणजे बर्फावरून ओढायची गाडी ना? तिचा इथे काय संबंध?

दुसरं उत्तर देणारे

गाडीचा संबंध नाही. हा स्लेज म्हणजे घण, लोहाराचा. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपेल सांगतात ती हकीकत अशी की साठच्या दशकात अ‍ॅडलेडला एका क्रिकेटपटूने बाईमाणसासमोर अपशब्द वापरला, तेव्हा त्याचा नाजूकपणा घणासारखाच आहे असं कोणीतरी म्हटलं, आणि तिथून मैदानावरच्या असल्या बोलण्याला हा शब्द चिकटला. पर्सी स्लेज या गायकाच्या नावाशी जोडणारी दुसरी कथाही सांगतात. चॅपेलांची खरी धरली तर लक्षात घ्या, मूळ शब्दात चतुराईचा मागमूसही नाही, आहे तो घणाचा ठोकळेपणा. पुढे उपयोग बदलला. समोरच्याचं लक्ष उडवणं हा हेतू मुख्य झाला. कर्णधार स्टीव्ह वॉच्या काळात ऑस्ट्रेलियाने तर प्रतिस्पर्ध्याचं मन पोखरणं ही रीतसर रणनीती म्हणून मांडली.

म्हणून 'डिवचणं' मला सर्वांत जवळचं वाटतं. वारूळ डिवचतात, बिळातला साप डिवचतात, गांधीलमाश्यांचं पोळं डिवचतात. हातात लांब काठी असते, डिवचणारा अंतर राखून असतो आणि आतून काय बाहेर पडेल याची त्याला उत्सुकता असते. खेळातही हेच चालतं. प्रतिस्पर्ध्याला दुखवणं इतकाच उद्देश नसतो, त्याने बिळातून बाहेर यावं हा असतो. लॉर्ड्सवर 2004 मध्ये वेस्ट इंडीजचा टिनो बेस्ट खेळत होता, तळाचा फलंदाज. स्लिपमधून इंग्लंडचा अँड्र्यू फ्लिंटॉफ त्याला म्हणाला, खिडक्यांकडे बघ हं, टिनो, म्हणजे तुझ्या फटक्याने काचा फुटतील. बेस्टने लगेच फिरकीपटू अ‍ॅशली जाइल्सला पुढे धावत जाऊन मोठा फटका मारायचा प्रयत्न केला, चेंडू चुकला आणि तो यष्टिचीत झाला. यात शिवी नाही, अपमानही नाही म्हणावा. नुसती काठी आत घातली, साप बाहेर आला.

काठी कधी उलटतेही. त्याच फ्लिंटॉफने 2007 च्या टी-ट्वेन्टी विश्वचषकात युवराजसिंगला डिवचलं आणि पुढच्या षटकात सहा षटकार बसले ते स्टुअर्ट ब्रॉडला. सिडनीला जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन यष्टींमागून अश्विनला ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावरच्या पुढच्या कसोटीची भीती घालत होता. थोड्याच वेळात पेनकडून हनुमा विहारीचा झेल सुटला, कसोटी अनिर्णित राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागितली आणि तोंड उघडलं, मग झेल सोडला, मूर्ख दिसलो, असं स्वतःच सांगितलं.

'डिवचणं' न बोलताही होतं, हा या शब्दाचा आणखी एक गुण. 1996 च्या विश्वचषकात बंगळुरूला पाकिस्तानच्या आमिर सोहेलने व्यंकटेश प्रसादला चौकार मारला आणि बॅटने सीमारेषेकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. पुढच्या चेंडूवर त्रिफळा. तिथे 'शेरेबाजी' लिहिता येणार नाही, 'डिवचलं' लिहिता येईल.

जवळचे शब्दही चाखून बघा. 'चिडवणं' लहान मुलांचं, त्यात लाडही असतो. 'खिजवणं' म्हणजे समोरच्याचा जळफळाट बघून आनंद घेणं, बहुधा आपण जिंकत असताना. 'उचकवणं' बोलीतलं, फार जिवंत, फुटबॉल-हॉकीत जिथे समोरच्याला लाल कार्ड मिळावं म्हणूनच बोललं जातं तिथे मी हाच वापरीन. 'कुरापत काढणं' सुरुवात कोणाची हे सांगतं. आणि 'हिणवणं' यांत मिसळू नका. त्याच्या पोटात 'हीन' बसलाय. समोरच्याचा खेळ बिघडवणं बाजूला राहतं आणि तो माणूसच खालचा ठरवला जातो.

मूळ प्रश्नकर्ती

आणि ट्रॅश टॉक? माहितीपटात तो शब्द मुष्टियोद्धे मुहम्मद अलींच्या प्रसंगात येतो. 'वाग्बाण' मला थोडा नाटकी वाटतोय, शिवाय पुढाऱ्यांच्या सभांचा वास येतो.

दुसरं उत्तर देणारे

बरोबर वाटतंय तुम्हाला. वाग्बाण समोरच्याला लागतो, ट्रॅश टॉकचा पहिला भाग मात्र स्वतःबद्दल असतो. मी असा आहे, मी तुला इतक्या वेळात लोळवीन. याला मराठीत 'वल्गना', 'फुशारकी' आहे, आणि त्याहून छान म्हणजे 'शड्डू ठोकणं'. अडचण एवढीच की 'वल्गना' म्हटलं की बोलणं पोकळ ठरलं, हा निकाल शब्दातच आहे. अली 1962 मध्ये, तेव्हा ते कॅशियस क्ले होते, आर्ची मूरला चौथ्या फेरीत पाडणार असं यमक जुळवून सांगत होते आणि चौथ्याच फेरीत पाडलं. बास्केटबॉलपटू लॅरी बर्डने 1986 च्या थ्री-पॉइंट (लांबून बास्केट करण्याच्या) स्पर्धेआधी खोलीत बसलेल्यांना विचारलं, दुसरा कोण येणार आहे? आणि जिंकला. या वल्गना नाहीत. तिथे 'शड्डू ठोकला' म्हणा. मांडीवर थाप मारून आव्हान देणं, पुढे काय होईल ते आखाड्यात दिसेल.

पण अलींचा तोच प्रसंग पुढे कुठे जातो ते पाहून शब्द बदला. 1975 मध्ये मनिलाच्या लढतीआधी ते जो फ्रेझरला गोरिला म्हणत राहिले, हातातली रबरी बाहुली त्या नावाने बडवत राहिले. फ्रेझरने ते अनेक वर्षं मनात ठेवलं. अलींनी 2001 मध्ये माफी मागितली. अली मला फार आवडतात, तरी इथे शड्डू नाही, इथे 'हिणवलं' हेच क्रियापद. आवडत्या खेळाडूसाठी मऊ शब्द आणि नावडत्यासाठी कडक, असं आपण नकळत करतो, तेवढं टाळावं.

एक उत्तर (पहिलेच)

एक शंका. तुम्ही म्हणता की शिवी असेल तर शिवी म्हणा. पण नेमकं काय बोललं गेलं हेच ठाऊक नसेल तर? सिडनी 2008, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी.

दुसरं उत्तर देणारे

शंका रास्त आहे आणि उदाहरणही तेच योग्य. हरभजनने अँड्र्यू सायमंड्सला 'मंकी' म्हटलं असा आरोप झाला, सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात तेंडुलकरांची साक्ष झाली. शब्द 'मंकी' नसून आईवरून दिली जाणारी हिंदी शिवी होती, असं भारतीय बाजूचं म्हणणं. 'माँ की' आणि 'मंकी', इंग्रजी कानाला दोन्हींत फरक जवळजवळ नाही. न्यायाधीश जॉन हॅन्सन यांनी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध मानला नाही, अपशब्दांसाठी मानधनाच्या 50 टक्के दंड ठेवला. म्हणजे शिवी दिली हे उरलंच, प्रश्न ती कोणत्या प्रकारची हा होता. अशा वेळी 'वर्णद्वेषी शिवीगाळ केल्याचा आरोप' असं लिहावं. आरोप हा शब्द संशय राखतो. 'शाब्दिक चकमक' संशय राखत नाही, झाकतो.

झिनेदिन झिदानचंही तसंच. बर्लिनला 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीत डोकं मारलं, ते जगाने पाहिलं. आधी मातेराझ्झी त्याच्या बहिणीबद्दल बोलला होता, ते कोणाला ऐकू आलं नव्हतं, नंतर त्याने स्वतः कबूल केलं. फिफाने झिदानला तीन सामने आणि मातेराझ्झीला दोन सामने बंदी घातली. 'मातेराझ्झीने उचकवलं, झिदानने डोकं मारलं' : दोन क्रियापदं, दोन कर्ते, चाळीस अक्षरांत बसतं.

मूळ प्रश्नकर्ती

तिन्ही ओळी बदलल्या. क्रिकेटच्या दृश्याला 'ते त्याला डिवचत राहिले', अलींच्या पहिल्या दृश्याला 'लढतीआधीच शड्डू ठोकला' आणि मनिलाला 'फ्रेझरला जाहीर हिणवलं'. शेवटी निवेदक 'व्हर्बल अब्यूज' म्हणतो तिथे गप्प उभ्या खेळाडूचा चेहरा आहे. तिथे 'त्याला शिव्या दिल्या' टाकलंय. 'शिवीगाळ झाली' लिहिलं होतं, तुमचं वाचून 'झाली' खोडलं.