टॉवेलची चाचणी, आयएसआय मार्क आणि संशोधन: लहान कारखान्याला सरकारी मदत कुठवर मिळते?

प्रश्न – टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना असून उद्यम नोंदणीत तो सूक्ष्म गटात मोडतो. गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयाला पाठवलेला माल 'जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) कमी' असा शेरा मारून परत आला. आमच्या काट्यावर जो टॉवेल ४५० भरत होता, तोच खरेदीदाराने नेमलेल्या प्रयोगशाळेत ४३५ भरला. वाद घालायला आमच्या हातात चाचणीचा एकही कागद नव्हता, त्यामुळे माल मुकाट्याने उतरवून घ्यावा लागला.

यातून तीन प्रश्न उभे राहिले आहेत. टॉवेलला आयएसआय मार्क घेणे बंधनकारक आहे का? चाचणीच्या खर्चासाठी सूक्ष्म उद्योगाला सरकारकडून काही मिळते का? आणि तिसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयांत टॉवेल गरम पाण्यात, ब्लीच टाकून धुतले जातात आणि काही धुण्यांतच आमच्या रंगीत किनारीचा रंग उडतो. यावर नीट अभ्यास करून उपाय शोधायचा असेल, तर त्यासाठी कोणाकडे जावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – वस्त्र अभियंता, जुळे सोलापूर

आधी वजनाचे पाहू. कापूस हवेतील ओलावा धरतो आणि सोडतोही. म्हणूनच मानक पद्धतीनुसार नमुना २७ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलीत स्थिर होऊ दिला जातो आणि मगच तो तोलला जातो. पावसाळ्यात आपल्या शेडमधली हवा याहून बरीच दमट असते, त्यामुळे कपड्यात जास्तीचे पाणी राहते आणि काट्यावर तीन-चार टक्के जादा भरणे यात नवल काहीच नाही. उलट मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तोच टॉवेल हलका भरेल. तेव्हा तुमचा काटा खोटा नव्हता आणि प्रयोगशाळाही खोटी नव्हती, मोजण्याची स्थिती वेगळी होती.

दुसरे असे की, गोल कटरने शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचे ग्रॅममधले वजन शंभरने गुणण्याची आपल्याकडची सवय चादरीला चालते, टॉवेलला चालत नाही. टॉवेलच्या डॉबी बॉर्डरला (नक्षीच्या सपाट पट्टीला) आणि दोन्ही टोकांच्या पट्टीला पाइल, म्हणजे धाग्यांचे उभे फासे, नसतात. कटर मधोमध मारला की आकडा फुगतो. पूर्ण टॉवेल तोलून त्याला क्षेत्रफळाने भागणे हाच सरळ मार्ग आहे. शिवाय ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, दिलेली खळ कपड्यात राहिली असेल, तर तिचे वजन पहिल्या धुण्यात निघून जाते. जाणता खरेदीदार धुतल्यानंतरचे वजन मागतो ते याचसाठी.

आता मार्कविषयी. तो देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोची बहुसंख्य मानके ऐच्छिक असतात; २०१६ च्या ब्यूरो कायद्याखाली केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तरच त्या वस्तूला मार्क सक्तीचा होतो. सुती टेरी टॉवेलचे मानक आहे, पण ते पाळण्याची सक्ती बहुधा कायद्यातून न येता निविदेच्या अटीतून येते. निविदेत मानकाचा क्रमांक आला की तेवढ्यापुरते ते तुम्हाला बंधनकारक. म्हणून दर भरण्याआधी ते मानक वाचून ठेवा. ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यावर भारतीय मानके विनामूल्य उतरवून घेता येतात, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. मार्क घ्यायचाच झाला, तर किमान वार्षिक शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के सवलत आहे आणि स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याची अटही लहान उद्योगांसाठी ऐच्छिक केली आहे.

चाचणीसाठी मुंबई-पुण्याला धावण्याची गरज नाही. १९६३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वस्त्रोद्योग समितीचे, म्हणजे टेक्स्टाइल्स कमिटीचे, कार्यालय सोलापुरातच आहे. खेप पाठवण्याआधी तिथून अहवाल घेतला असता, तर निदान तुमच्या हाती बोलायला कागद असता.

उत्तर २ – यंत्रमागधारक, पूर्व भाग

वरील माहिती योग्य आहे, पण पैशाच्या बाजूने थोडे सावध करतो. २८ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या, लहान उद्योगांना निर्दोष उत्पादनासाठी दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या 'झेड' योजनेत सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या शुल्कावर ८० टक्के अनुदान आहे. ब्राँझचे शुल्क १०,००० रुपये, सिल्व्हरचे ४०,००० आणि गोल्डचे ९०,००० आहे. याच योजनेत उत्पादनाच्या चाचणीच्या वा प्रमाणनाच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग, जास्तीत जास्त ५०,००० रुपये, मिळण्याची तरतूद आहे. प्रश्नकर्त्यांना खरा उपयोग आहे तो या दुसऱ्या तरतुदीचा, आणि तिच्याविषयी बोलले जाते सर्वांत कमी. ब्राँझचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले कारखाने मी बरेच पाहिले आहेत. त्यांच्या टॉवेलचा रंग त्यामुळे पक्का झाल्याचे पाहिले नाही.

आपल्या गावाचा अनुभव असा आहे की सरकारी मदत म्हणजे यंत्र घेण्याची मदत, हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे. १९९९ साली सुरू झालेल्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेतून आणि २०१६ नंतरच्या तिच्या सुधारित रूपातून माग आले, ते गरजेचेही होते. पण त्या मागावर काय विणायचे आणि विणलेले टिकते का, हे शोधण्यासाठी आपण कधी कोणाकडे हात पसरला नाही, आणि कोणी आपण होऊन दिलेही नाही. आयकरात कंपन्यांना संशोधनखर्चावर पूर्वी २०० टक्के वजावट होती, ती आधी १५० वर आणि २०२० नंतर १०० वर आली. तीही कंपन्यांसाठी होती. कंपनी नसलेल्या, एकट्या मालकाच्या शेडला तिचा काय लाभ?

उत्तर ३ – वस्त्रतंत्र विषयाचे निवृत्त प्राध्यापक, सोलापूर

किनारीच्या रंगापुरते बोलतो. आपल्याकडे रंगीत सूत बहुधा रिअॅक्टिव्ह रंगात रंगवले जाते. साध्या धुण्याला हे रंग चांगले टिकतात, मात्र त्यांतले अनेक क्लोरीन ब्लीचपुढे टिकत नाहीत. व्हॅट रंग या बाबतीत पुष्कळ सरस, पण महाग, आणि रंगवण्याची प्रक्रिया किचकट. म्हणजे हे काही अज्ञात शास्त्र नव्हे. अभ्यास करायचा आहे तो एवढाच, की आपले पाणी, आपले डायहाऊस (सूत रंगवण्याचा कारखाना) आणि आपला भाव यांत व्हॅट रंगाची किनार कशी बसेल. मऊपणासाठी शेवटी जे सिलिकॉन देतात तेही तपासून घ्यावे, कारण साध्या सिलिकॉनने टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी शोषायला वेळ लावतो.

अशा उपयोजित, लहान प्रश्नांसाठीच सहकारी संशोधन संस्थांची कल्पना या देशात रुजली. अहमदाबादच्या गिरणीमालकांनी वर्गणी काढली, सरकारने तीत भर घातली आणि विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने १९४७ मध्ये 'अटिरा' ही वस्त्र संशोधन संस्था उभी राहिली. पुढे मुंबईची 'बिट्रा' आणि कोइम्बतूरची 'सिट्रा' त्याच वाटेने आल्या. त्या रचनेतला मुद्दा असा होता की प्रश्न उद्योगाने विचारायचा आणि निम्माशिम्मा खर्चही उद्योगाने उचलायचा. सोलापुरात १८७७ पासून गिरण्या होत्या, तरी अशी संस्था आपल्याकडे झाली नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

आजच्या मोठ्या योजनांकडे पाहिले, तर १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियान तांत्रिक कापडासाठी, म्हणजे विशिष्ट कामासाठी बनवलेल्या कापडासाठी, आहे आणि साधा टॉवेल त्यात बसवणे ओढूनताणून होईल. २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधी तर प्रयोगावस्थेच्या पुढे गेलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे; त्याच्या बातम्या वाचून आपण हुरळून जाऊ नये. तुमच्या मापाचे दोनच मार्ग मला दिसतात. एक, केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची 'प्रिझम' योजना. ती व्यक्तींच्या आणि लहान उद्योगांच्या नव्या कल्पनांसाठी आहे, पण प्रस्तावात नावीन्य दाखवावे लागते. दुसरा आणि मला अधिक व्यवहार्य वाटणारा मार्ग म्हणजे सात-आठ टॉवेल उत्पादकांनी मिळून वर्गणी काढावी आणि 'बिट्रा'सारख्या संस्थेला हा एकच प्रश्न सशुल्क द्यावा. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च परत आलेल्या एका खेपेच्या नुकसानीहून कमी असण्याचा संभव आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहते. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहेच. मग निविदेत तेवढे दाखवून भागणार नाही का?

उत्तर १ – वस्त्र अभियंता, जुळे सोलापूर

नाही. माल सोलापूरचा आहे आणि ते नाव दुसऱ्या गावच्या मालाला लावता येत नाही, एवढे संरक्षण मानांकन देते. नकली मालाविरुद्ध ते मोलाचे आहे, परंतु जीएसएम, शोषणक्षमता वा रंगाचा पक्केपणा यांचा अहवाल मागणाऱ्या खरेदीदाराला ते उत्तर होत नाही.

आणखी एक सुचवतो. मानकांत दुरुस्ती करताना ब्यूरो मसुदा जाहीर करते आणि त्यावर कोणालाही लेखी हरकत घेता येते. टॉवेलच्या मानकाची उजळणी निघेल तेव्हा पूर्ण टॉवेल तोलण्याचा आणि ब्लीचच्या धुण्याचा मुद्दा यंत्रमागधारक संघाच्या पत्रावर, चाचणी अहवाल जोडून पाठवा. एकट्या कारखान्याच्या पत्रापेक्षा संघाच्या पत्राला वजन येते. तोवर पुढच्या खेपेतले तीन टॉवेल बाजूला काढून त्यांचा अहवाल पाठवणीच्या आधीच हातात घ्या.