मदत हवी आहे : लिनक्सवरची ओसीआर स्क्रिप्ट विंडोजवर कशी चालवू?

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या आमच्या वाचनालयात जुन्या मराठी अंकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्ट या ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या) प्रोग्रामने मजकुरात उतरवतोय. घरच्या उबुंटूवर माझी बॅश स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांडची यादी) छान चालते: इमेजमॅजिक हा चित्रांचा प्रोग्राम पान सरळ करतो, टेसरॅक्ट वाचतं, सेड-ऑक ही मजकुराची साधनं साफसफाई करतात. वाचनालयाचा संगणक मात्र विंडोज १०, ६४ बिट, ४ जीबी रॅम. टॅली त्यावरच आहे, त्यामुळे विंडोज काढता येणार नाही.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) सुरूच होत नाही, कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची सोय) बंद आहे. बायोसला पासवर्ड आहे आणि तो टाकणाऱ्याचा आता पत्ता नाही. असा आभासी संगणक चालवणारं व्हर्च्युअलबॉक्सही तिथेच अडलं. सिगविनवर (लिनक्ससारखी साधनं विंडोजवर देणारा संच) आधी प्रत्येक ओळीला '\आर : कमांड नॉट फाउंड' येत होतं, ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे केल्यावर ते थांबलं. पण प्रत्येक पानामागे स्क्रिप्ट दहा-बारा छोटे प्रोग्राम सुरू करते, आणि सिगविनमध्ये नवी प्रोसेस उभी करणंच महाग. घरी सेकंदांत होणारं पान इथे मिनिटं खातं. मराठीचा डेटा नीट बसलाय, अक्षरओळख ठीक आहे. रडगाणं फक्त वेगाचं.

आता दोनच वाटा दिसतात. डब्ल्यूएसएलची आधीची आवृत्ती, डब्ल्यूएसएल १, हिला व्हर्च्युअलायझेशन लागत नाही. एमएसवायएस २ या सिगविनसारख्याच दुसऱ्या संचात टेसरॅक्ट थेट विंडोजसाठी बांधलेलं मिळतं, पण बॅश तिथेही सिगविनच्याच वंशातली. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, म्हणून दोन्ही उतरवून बघणं जड जातं.

फायलींची नावं देवनागरीत आहेत, ती बदलायची नाहीत. अशा कामाला दोन्हींपैकी काय घेऊ, आणि कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर वेगात किती फरक पडला?