कमी ऑक्सिजनवर हृदयाची प्रतिक्षिप्त क्रिया मोजताना श्वास मोकळा ठेवावा की बांधून द्यावा?

सांजवेळ (धागाकर्ता): मास्कमधून १२ टक्के ऑक्सिजनची हवा द्यायची (साध्या हवेत जवळपास २१ टक्के), रक्तदाब आपोआप वरखाली होताना दोन ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी बदलतं ते बघायचं, आणि आकडा घसरला की जाहीर करायचं, 'बॅरोरिफ्लेक्स (रक्तदाब बदलला की नाडी बदलून तो सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया) मंदावला'! अहो, ऑक्सिजन घटला की श्वास वाढतो, त्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शिवाय नाडी मुळातच श्वासाबरोबर नाचते. आत घेताना जलद, सोडताना संथ. मग घसरण कोणाच्या खात्यावर मांडायची? श्वासाची लय ठरवून द्या, कार्बन डायऑक्साइड मिसळून पातळी स्थिर ठेवा, मगच मोजा.

खडूस: डोंगर चढणाऱ्याला वरून कार्बन डायऑक्साइड कोण पुरवतं? शरीरात हे सगळं एकदमच घडतं. मी अशा चाचणीला बसलोय. नाकाला चिमटा, तोंडात नळी, हनुवटीवर लाळ आणि कानाशी टिकटिक. त्या टिकटिकीला श्वास जुळवता जुळवताच छाती धडधडायला लागली, ऑक्सिजन अजून कमी केलाच नव्हता!

सांजवेळ: धडधड मान्य, म्हणून तर आधी सराव द्यायचा. पण हे बघा: कॅरॉटिड बॉडी, म्हणजे मानेतल्या धमनीच्या फाट्यावरची, रक्तातला ऑक्सिजन घटला की चेतणारी ती इवलीशी गाठ. श्वासाच्या नियंत्रणातलं तिचं काम शोधल्याबद्दल बेल्जियमचे शास्त्रज्ञ हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं. प्राण्यांमध्ये श्वास यंत्राने बांधून फक्त तिला चेतवलं तर नाडी मंदावते. श्वास मोकळा सोडला तर बहुधा उलट, फुफ्फुसं ताणली गेल्यामुळे नाडी वाढते. चेतना तीच, उत्तर उलटं.

खडूस: हा तर माझाच मुद्दा झाला! श्वास त्या क्रियेचाच भाग आहे, तो कापून काढलात तर जे उरेल ते माणसाचं नव्हे.

आडवाटेने: दोघेही एक गोष्ट विसरताय. नाडी वाढली म्हणजे बॅरोरिफ्लेक्सची संवेदनशीलता (दाब बदलला की ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते) घटलीच असं नाही. थर्मोस्टॅट वरच्या तापमानाला लावला तरी तो बिघडलेला नसतो. औषधाने मुद्दाम दाब बदलून पाहिलं तर कमी ऑक्सिजनमध्ये दाब आणि नाडीचा आलेख नुसता वर सरकलेला, उतार म्हणजे संवेदनशीलता तशीच, असंही दिसलंय.

सांजवेळ: हे पटलं. म्हणजे आपोआप होणाऱ्या चढउतारांवरून काढलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही.

खडूस: एकट्यावर नाही, इतकंच मान्य. मोकळ्या श्वासाचं मोजमाप आधी घ्या, टिकटिक नंतर. आणि तो चिमटा जरा सैल करा.