मदत हवी आहे: मुलाला मुडदूस निघालाय, औषध आणि पायांबद्दल विचारायचं आहे

नमस्कार मंडळी. आम्ही मालवण तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत राहतो. मुलगा १ वर्ष १० महिन्यांचा. उशिराच चालायला लागला आणि उभा राहिला की दोन गुडघ्यांमध्ये चांगलीच फट दिसते. सासूबाई म्हणत होत्या, "चलाक लागलो की पाय आपसूक सरळ होतले." मलाही फारसं वावगं वाटलं नव्हतं, दोन वर्षांपर्यंत थोडे बाकदार पाय बऱ्याच मुलांचे असतात. पण लसीच्या वेळी सिस्टरनी त्याचं मनगट बोटांत धरून पाहिलं आणि मलाही धरायला लावलं. आत बांगडी घातल्यासारखा हाडाचा जाड कंगोरा लागतो. टाळू अजून पुरती भरलेली नाही, दात सहाच, आणि झोपेत डोक्याला एवढा घाम की उशी भिजते.

बालरोगतज्ज्ञांनी मनगट आणि गुडघ्याचा एक्स-रे काढला. हाडांची टोकं खोलगट झालीत, कडा विस्कटल्यात. रक्तात ड जीवनसत्त्व फक्त ७, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या आजारात वाढतं ते) खूप वाढलेलं, कॅल्शियम किंचित कमी. फॉस्फरस रिपोर्टमध्ये दिसत नाही. रोज ३,००० युनिट ड चे थेंब आणि कॅल्शियमचं सिरप सांगितलंय.

मला कळत नाही ते हे, की कोकणात उन्हाला काय तोटा? घरात नाचणी आहे, मासे आहेत, तरी मुडदूस कसा? दुसरं, जाऊबाईंनी मुंबईहून ड ची ६०,००० युनिटची पाकिटं आणलीत, "लवकर गुण येईल" म्हणतात. थेंबांबरोबर द्यावीत का? आणि पायांना पट्टे लावावे लागतील का? शेजारच्या आजी रोज पाय ओढून मालिश करायला सांगतायत.

केवडा (बालरोगतज्ज्ञ):
पाकिटं आधी फडताळात वर ठेवा. एक पाकीट म्हणजे तुमच्या थेंबांचा २० दिवसांचा डोस. दोन्ही एकदम दिलं तर रक्तात कॅल्शियम चढू शकतं: भूक मरते, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. पाकिटं वापरायचीच झाली तर थेंबांच्या ऐवजी, तेही डॉक्टरांनी ठरवून. आणि बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा. काही थेंबांत १ मिलीला ४०० युनिट असतात, काहींत ८००. मेडिकलवाल्याने कंपनी बदलली तर मापही बदलतं.

३,००० बरोबर आहे. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत या वयाला रोज ३,००० ते ६,०००, निदान ३ महिने, आणि अन्न-औषध मिळून रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम असं आहे. कॅल्शियम टाळू नका. ड मिळालं की भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतात, मग झटके येण्याची भीती असते.

आता ऊन. ते अंगणात आहे, मुलाच्या कातडीवर किती? तेल लावून सकाळी सातला बाळाला दाखवतात त्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण नगण्य. काचेतून येणाऱ्या उन्हाचाही उपयोग नाही. जून ते सप्टेंबर तर आभाळच उघडत नाही, आणि सावळ्या कातडीला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात आईच्या दुधात ड फारच कमी, म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिट द्यायचे असतात. पुष्कळ घरांत ती बाटली दुसऱ्या महिन्यातच संपते आणि परत येत नाही.

तिरफळ:
माशांचं मी सांगते. आमच्याकडेही रोज बांगडा नाहीतर तारली. दोन्हींत ड असतं. पण काट्याच्या धास्तीने लेकीच्या ताटात काय, तर तिखट कमी केलेल्या सारातला भात! नाचणीचंही तेच. १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पण पातळ आंबिलीच्या चार चमच्यांत नाचणी असते किती? आता मी बांगड्याचा पोटाकडचा भाग बोटांनी कुस्करून, काटा चाचपून देते. अंड्याचा पिवळा बलकही.

केवडा:
बरोबर. आणि ड नसेल तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही, नाचणी कितीही खा.

पट्टे नकोत. पाय ओढायचे तर मुळीच नाहीत, हाड मऊ आहे, मोडू शकतं. हलक्या हाताने तेल लावा, त्याने पाय सरळ होत नाहीत पण मूल निवांत झोपतं. या वयात औषध लागू पडलं तर बाक वर्ष-दोन वर्षांत बहुतेक स्वतःच जातो. शस्त्रक्रियेचा विचार फार पुढचा.

फॉस्फरस मात्र मागून घ्या, जोडीला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), जमल्यास पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं). तीन महिन्यांच्या आत पुन्हा एक्स-रे. हाडाच्या टोकाला पांढरी रेघ उमटली म्हणजे भरून येतंय. नाही उमटली आणि औषध नेमाने दिलेलं असलं, तर मुडदूस दुसऱ्या जातीचा असू शकतो. एका आनुवंशिक प्रकारात लघवीवाटे फॉस्फेट निघून जातं, तिथे नुसत्या थेंबांनी भागत नाही. घरात कुणाची उंची फार कमी किंवा पाय बाकदार आहेत का, तेही डॉक्टरांना सांगा.

तिरफळ:
खर्च अंगावर येत असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. त्यांच्या यादीत मुडदूस आहे, पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तुम्हाला ओरोस जवळच.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. पाकिटं उचलून ठेवली. बाटली पाहिली, ४०० चीच आहे, म्हणजे साडेसात मिली. आम्ही ड्रॉपरने एकच मिली देत होतो, चिठ्ठीवर मिली लिहिलेलंच नाही! उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून माप पक्कं करते. माझे सासरे बुटके आहेत, पाय सरळ आहेत. तेही सांगू का?

केवडा:
सांगा. आणि एवढे मिली पाजताना तो थुंकत असेल तर जास्त ताकदीचे थेंब लिहून मागा.