‘कल्ट’ पिच्चरला मराठीत काय म्हणायचं?

मोरपंखी
आमच्या पेठेतल्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पडदा लावून सिनेमा दाखवतो. लागले तेव्हा लोकांनी फार पाहिले नाहीत, पण ज्यांनी पाहिले त्यांच्या डोक्यातून कधी गेले नाहीत, असे सहा सिनेमे यंदा ठरवलेत. ‘कागज के फूल’, ‘जाने भी दो यारो’, ‘पुष्पक’, ‘एक होता विदूषक’, ‘अंदाज अपना अपना’ आणि ‘तुंबाड’. पत्रकाचं काम माझ्याकडे. मी मथळा दिला : ‘उपेक्षित आणि कल्ट चित्रपट’. समितीतल्या एका काकांनी दोन्ही शब्दांवर रेघ मारली. म्हणाले, उपेक्षित म्हटलं की वंचितांवरचे सिनेमे वाटतील, आणि कल्ट म्हणजे बुवाबाजी. मराठीत शब्द असणारच, शोध. पत्रक गुरुवारी छापायला जातंय. आमचे निम्मे प्रेक्षक घरी तेलुगू बोलतात, काहीजण कन्नड. त्यांनाही वाचल्याबरोबर कळायला हवं.

अक्षरशः
ताई, काकांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. उपेक्षा हा शब्द उप + ईक्ष् असा. जवळ असलेलं दिसतंय, तरी पाहायचं नाही, असा त्याचा भाव. यात पाहणाऱ्याचा दोष येतो. दुर्लक्षित म्हणजे दिसलं, पण मन दिलं नाही. आणि कुणाच्या नजरेला पडलंच नाही ते अलक्षित. तुमच्या यादीला ‘अलक्षित’ चपखल बसतो. कल्टला ‘पंथप्रिय’ म्हणा. नवा शब्द सुरुवातीला खडा लागल्यासारखा वाटतो. सावरकरांच्या नावावर सांगितले जाणारे दिग्दर्शक, मध्यंतर, बोलपट हे शब्द आज आपण विचार न करता वापरतो की नाही?

हुरडा
अलक्षित वाचून आमच्या गल्लीतला एक माणूस यायचा नाही. सोलापुरात सरळ ‘पडलेला पिच्चर’ म्हणतात. पडला, आपटला, झोपला. तीन शब्द आहेत, चौथा कशाला?

ऑपरेटरचा मुलगा
पडलेला आणि डब्यातला यात फरक आहे, तो पुसू नका. माझे वडील इथल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पिच्चर ‘पडला’ म्हणजे लागला, लोक आले नाहीत, शुक्रवारी उतरवला. ‘डब्यात गेला’ म्हणजे लागलाच नाही. हा डबा खरा डबा असायचा, पत्र्याचा, गोल, जेवणाच्या ताटाएवढा, झाकण कडेनं गंजलेलं. हजार फुटांचं रीळ म्हणजे साधारण ११ मिनिटं. जुना डबा उघडला की शिरक्यासारखा आंबट वास थेट नाकात. मी लहानपणी हौसेनं उचलायला जायचो आणि वडील ओरडायचे, ‘काय करलालास बे, आडवा धर की!’ उभा धरला की रीळ आतून सैल होतं.
‘कागज के फूल’ १९५९ साली पडला. कमल स्वरूपचा ‘ओम दर-ब-दर’ १९८८ चा, तो डब्यात गेला आणि थिएटरला लागला २०१४ साली. दोघांना एकच शब्द देऊ नका.

मोरपंखी
हा फरक मला माहीत नव्हता, फार उपयोगी. पण पत्रकावर ‘पडलेले पिच्चर’ लिहिलं तर माणूस शनिवारची संध्याकाळ खर्च करून का येईल? पडला हे त्याच्या नशिबाचं वर्णन झालं. नंतर लोकांनी त्याला उचलून धरलं, ते कुठल्या शब्दात येतं?

ताणाबाणा
कल्टचं मूळ बघू. लॅटिन ‘कोलेरे’ म्हणजे जमीन नांगरणं, निगा राखणं, पुढे पूजा करणं. कल्टिव्हेट तिथूनच. म्हणजे बुवाबाजी फार नंतरची, आधी शेती आहे. आपल्याकडे याला शब्द आहे, मशागत. ‘मशागतीचे सिनेमे’. प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं खुरपून, पाणी घालून जगवलेले. ‘जाने भी दो यारो’ १९८३ चा. तो काही थिएटरनं जगवला नाही. टीव्हीवर बघून बघून आणि एकमेकांना सांगून लोकांनी जगवला.

अक्षरशः
कल्पना सुंदर आहे. पण मशागत अरबी ‘मशक्कत’वरून आलेला आहे. एक परका शब्द काढून दुसरा बसवला, एवढंच होईल.

ताणाबाणा
अक्षरशःजी, माझ्या आजोबांनी मोहोळकडे चाळीस वर्षं शेती केली. त्यांच्या तोंडचा मशागत परका म्हणणार असाल तर मग पुढे बोलणंच अवघड आहे.

अक्षरशः
आजोबांचा अनादर नाही. जुना झाला म्हणून शब्द आपला होतो, हे मलाही मान्य आहे. पण मग आज घेतलेल्या प्रत्येक शब्दाला आपण ‘उद्या आपला होईल’ म्हणून सोडून देतो, आणि घडवायचं कामच थांबतं. माझा आग्रह तेवढ्यासाठी.

हुरडा
कल्टचा सिनेमातला अर्थ मुळात पुन्हा पुन्हा जाण्याचा आहे. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ १९७५ साली आला, पडला. १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. लोक त्यातल्या पात्रांसारखे कपडे घालून जायचे, पडद्याला उत्तरं द्यायचे. आपल्याकडे पडद्याला उत्तर देणं कुणाला शिकवायला लागत नाही. त्यामुळे शब्द ‘पुन्हा जाण्या’तून यावा. मी पंढरपूरचा, मला पहिल्यांदा ‘वारी’च सुचला.

मोरपंखी
वारी नको. घरात माळ आहे. सिनेमाला तो शब्द लावायला हात धजत नाही.

हुरडा
बरोबर आहे. मागे घेतो.

चटणीभाकरी
मग ‘अशी ही बनवाबनवी’ यादीत का नाही? त्याच्याएवढे संवाद पाठ असलेला दुसरा सिनेमा मराठीत दाखवा.

ऑपरेटरचा मुलगा
तो १९८८ साली लागला तेव्हाच तुफान चालला. जो चालला तो कल्ट कसा?

चटणीभाकरी
चालणं वेगळं आणि पिढी बदलली तरी पाठ राहणं वेगळं. त्या सालचे चाललेले सगळे आज कुणाला आठवतात? माझा मुलगा २०११ चा, त्यालाही बनवाबनवी पाठ आहे. आणि ‘सामना’ कसा विसरलात? पहिल्यांदा चालला नाही, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात निवडला गेला, मग पुन्हा लागला आणि चालला. जब्बार पटेल आपल्याच सोलापुरात शिकलेले. ‘एक होता विदूषक’ त्यांचाच, १९९२ चा, पुलंनी लिहिलेला. तो घेतलात हे फार बरं केलंत. लक्ष्मीकांत बेर्डेंना हसणाऱ्या लोकांनी त्यांना रडताना बघायचं नाकारलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

ऑपरेटरचा मुलगा
‘पुन्हा लागला’! मोरपंखीताई, तुमचा शब्द हाच. टॉकीजची भाषा आहे, सगळ्यांना कळते. ‘तुंबाड’ २०१८ साली बेताचा चालला आणि २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. ‘पुन्हा लागलेले पिच्चर’ लिहा.

अक्षरशः
‘शोले’ही कितीदा पुन्हा लागला. तो अलक्षित का?

पूर्वभाग
मध्येच बोलतो. आमच्याकडे पिच्चरला ‘बोम्मा’ म्हणतात, बोम्मा म्हणजे चित्रही आणि बाहुलीही. आणि तेलुगूत कल्ट हा शब्द पोरं आता सर्रास वापरतात. ‘खलेजा’ २०१० साली पडला, नंतर टीव्हीवर बघून बघून त्याला कल्ट म्हणायला लागले. त्यामुळे पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या आमच्या तेलुगू वस्तीत, कल्ट लिहिलं तर कुणी बुवाबाजी समजणार नाही, काकांना सांगा.
दुसरं, ‘पुष्पक’ला पडलेला म्हणू नका. १९८७ चा तो, बंगळुरात जोरात चालला होता. त्यात एकही संवाद नाही, आणि तमिळमध्ये त्याचं नाव ठेवलं ‘पेसुम पडम’, म्हणजे बोलणारं चित्र, आपला बोलपटच. त्यातला ‘पडम’ संस्कृत ‘पट’वरून आलाय, पट म्हणजे कापड. आमच्या घरी तीन पिढ्या माग चालला, म्हणून हे कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

ताणाबाणा
चित्रपट म्हणजे मुळात चित्र काढलेलं कापडच की!

पूर्वभाग
होय. आता खरं कारण सांगतो. माझी आई ७४ वर्षांची आहे. मराठी कळतं, पण भरभर बोललं की मागे पडते, हिंदी तर नाहीच. टीव्हीसमोर बसते आणि आम्ही हसलो की आमच्या तोंडाकडे बघून हसते. ‘पुष्पक’ कॅसेटवर आणला होता तेव्हा ती आमच्या आधी हसली होती. तो कोणत्या शनिवारी आहे?

मोरपंखी
चौथा ठेवला होता, आता पहिला घेते. आईंना नक्की आणा, भिंतीकडची हाताची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवते. जिना आहे, पण नऊच पायऱ्या, आणि कठडा आहे. मथळ्याची जागा अजून कोरीच आहे. अक्षरशःजी, ऑपरेटरदादा, उद्या दुपारपर्यंत एकमत झालं तर कळवा.

अक्षरशः
‘अलक्षित’वर मी ठाम आहे. ‘पंथप्रिय’ सोडायला तयार आहे.

पूर्वभाग
ताई, वेळ मोठ्या अक्षरात छापा. खेळ सहाचा का साडेसहाचा? तिला संध्याकाळी दिवा लावून निघायचं असतं.