खाऱ्या पाण्यात बर्फ उशिरा वितळतो, मग समुद्र हिमनदी खालून कसा वितळवतो?

पंचवटीकर: नाशिकमधील एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवतो. वर्गात दोन पेल्यांत सारखेच पाणी घेतले, एकात चार चमचे मीठ विरघळवले आणि दोन्हींत बर्फाचे खडे सोडले. मिठाच्या पाण्यातला बर्फ आधी संपेल असा मुलांचा (आणि खरे सांगायचे तर माझाही) अंदाज होता. प्रत्यक्षात तोच अधिक वेळ टिकला. त्यावर एका मुलीने विचारले की, गरम पाणी वर येते आणि खारे पाणी बर्फ सावकाश वितळवते, तर तापलेला समुद्र अंटार्क्टिकातील हिमनद्या खालून कसा वितळवतो? मला उत्तर देता आले नाही.

गोदाकाठ: सर, दोन्ही शंका रास्त आहेत. पहिलीचे उत्तर मिठातच आहे. अतिथंड पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारांवर अधिक ठरते, म्हणून तिथे थंड पण कमी खारे पाणी वर राहते आणि त्याहून उबदार पण अधिक खारे पाणी शेकडो मीटर खाली. उबदार म्हणजे जेमतेम एक अंश. पौषातल्या पहाटे रामकुंडात बुडी मारणाऱ्यालाही ते सोसणार नाही. परंतु समुद्राचे पाणी उणे १.९ अंशाच्या सुमारास गोठते आणि दर हजार मीटर खोलीमागे हा गोठणबिंदू आणखी पाऊण अंशाने उतरतो, त्यामुळे तेवढ्या खोलीवरच्या बर्फाला ते पाणी तीन अंशांहून अधिक गरम पडते.

निवृत्त अभियंता, गंगापूर रोड: दुसऱ्या शंकेबाबत. तुमच्या पेल्यात वितळलेले गोडे, हलके पाणी बर्फाभोवती साचून राहिले आणि खालची ऊब बर्फापर्यंत पोहोचली नाही. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीखाली नेमके हेच आढळले. जानेवारी २०२० मध्ये सुमारे ६०० मीटर जाडीच्या बर्फात गरम पाण्याने भोक पाडून आइसफिन हे पाणबुडीसारखे यंत्र खाली सोडण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार सपाट तळाशी बर्फ वर्षाला जेमतेम पाच मीटरपर्यंत झिजतो, मात्र भेगांच्या आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर तो कितीतरी वेगाने वितळतो, कारण तिथे गोडे पाणी साचत नाही. संथ झीज ऐकून हायसे वाटू देऊ नका. बर्फ खडक सोडून तरंगू लागतो ती रेषा १९९० च्या दशकाअखेरीपासून सुमारे १४ किलोमीटर मागे सरली आहे, आणि तिच्यामागचा खडक आत आत खोल होत जातो.

पंचवटीकर: म्हणजे पेला ढवळत राहिल्यास मिठाच्या पाण्यातला बर्फ लवकर संपायला हवा. सोमवारच्या तासाला तिच्याच हाती चमचा देतो.