मदत हवी आहे: खाऱ्या वाऱ्यात, वाळूत कोणते फुलांचे कंद टिकतील?

समुद्राला लागून वाळूची जमीन आहे. पाणी क्षणात झिरपतं, खत त्याच्याबरोबर खाली जातं. निशिगंधाच्या पानांची टोकं करपतात. स्पायडर लिली आणि क्रायनम मात्र छान तग धरून आहेत. क्रायनम एशियाटिकम मुळात किनाऱ्यावरचंच, त्यामुळे नवल नाही. पण दोन्ही पांढरी! मला रंग हवाय, मनापासून हवाय.

झेफिरँथस (रेन लिली) किंवा अ‍ॅमरिलिस अशा जागी कुणी जमिनीत वाढवलंय का? वाळूत कंद नेहमीपेक्षा खोल लावावेत का? अ‍ॅमरिलिसच्या कंदाची मान (वरचा निमुळता भाग) तर मातीच्या वर ठेवतात, मग वाऱ्याने वाळू उडून अख्खा कंदच उघडा पडला तर? पानांवरचं मीठ गोड्या पाण्याने किती दिवसांनी धुता? शेणखत किती मिसळलंत, तेही सांगा.